नवा स्क्रीन, जुनी वायर

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

जुन्या गाडीला नवे रूप देण्याविषयीचा कालच्या पुरवणीतला लेख वाचला. रात्री पुन्हा वाचला, कारण पहिल्या वेळी आपल्याच नजरेतून काहीतरी सुटले असेल असे वाटले. सुटले नव्हते. पानभर लेखात 'वायरिंग' हा शब्द एकदाच येतो, तोही 'वायरिंगची कटकट नाही' या वाक्यात. 'फ्यूज' तर कुठेच नाही. लेखकाने कधी डॅशबोर्डखाली डोके घातले आहे का, हे विचारण्याचा उद्धटपणा मी करत नाही. तुम्ही विचारा.

माझी गाडी २१ वर्षांची आहे. इंजिन उत्तम, पत्रा ठीक, कॅसेटचा टेप मात्र केव्हाच मुका झालेला. त्या जागी मोठा टचस्क्रीन बसवावा, मागे कॅमेरा लावावा, फोनवरचा नकाशा समोर दिसावा, एवढीच हौस. 'एका दुपारचे काम' असे तुमचा लेख म्हणतो. माझ्याकडेही दुपारीच झाले, त्याबद्दल तक्रार नाही. जुन्या टेपची खाच १८० बाय ५० मिलिमीटरची, आणि नव्या स्क्रीनला उंची लागते दुप्पट. फिटरने करवत काढली आणि आतली प्लॅस्टिकची पट्टी कापून टाकली. तेव्हापासून खड्डा आला की डॅशबोर्ड दात वाजवतो. तेही सोडा.

संध्याकाळी गाडी घ्यायला गेलो. किल्ली काढली तरी गाणे चालूच. मी विचारले, तर तो पोरगा म्हणाला, "काका, बटण दाबून बंद करायचं. नव्या सिस्टिम अशाच असतात." मला ते पटले! चाळीस वर्षे गाडी चालवणाऱ्या माणसाला पटले. आपण मागे पडलो आहोत अशी भीती एकदा मनात बसली की समोरचा काहीही सांगतो आणि आपण मान डोलावतो.

तीन आठवड्यांनी नातीच्या परीक्षेच्या दिवशी सकाळी किल्ली फिरवली आणि स्टार्टरने फक्त 'टक्' केले. पुन्हा 'टक्'. स्क्रीन मात्र झगझगीत उजळला आणि त्याने मला सुस्वागतम् केले. स्क्रीनला एक-दोन अँपिअर पुरतात, स्टार्टरला शंभराच्या पुढे लागतात, हे मला आता कळते. तेव्हा मी पायजम्यात गाडीला धक्का देत होतो. नात वेळेवर पोहोचली, शेजाऱ्यांच्या स्कूटरवरून.

मेकॅनिक म्हणाला बॅटरी गेली. बदलली. पंधरा दिवसांनी पुन्हा टक्. मग म्हणाला डायनॅमो. तोही उघडला, ब्रश बदलले. पुन्हा टक्. गंमत अशी की गाडी रोज चालवली तर काही होत नसे, दोन दिवस उभी राहिली तरी चालू होई, चौथ्या दिवशी मात्र हमखास दगा देई. हा चार दिवसांचा हिशेब त्या मेकॅनिकला सुचला नाही, मलाही नाही. शेवटी शेजाऱ्यांकडून मल्टिमीटर आणला. गाडी बंद, दारे बंद. बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवली आणि मीटर १० अँपिअरवर ठेवून मध्ये जोडला. आकडा आला ०.४२ अँपिअर. झोपलेल्या गाडीला ०.०५ च्या आत लागायला हवेत. मग एकेक फ्यूज काढत गेलो. म्युझिक सिस्टिमचा फ्यूज काढला आणि आकडा एकदम ०.०२ वर आला.

कारण इतके साधे होते की रागही येईना. सिस्टिमच्या मागे दोन वायरी येतात. पिवळी थेट बॅटरीची, घड्याळ आणि आठवण जपायला. लाल किल्लीवरची, सिस्टिम चालू-बंद करायला. फिटरला किल्लीवरची वायर शोधायचा कंटाळा आला, म्हणून त्याने दोन्ही एकत्र पिळून पिवळीच्या जागी जोडल्या आणि वर काळी चिकटपट्टी गुंडाळली. बटण दाबून स्क्रीन काळा व्हायचा, पण सिस्टिम रात्रभर जागीच. ३५ अँपिअर-तासांची बॅटरी ०.४२ ने भागा. ८३ तास, म्हणजे साडेतीन दिवस. चौथी सकाळ! बॅटरी, डायनॅमो, नातीची परीक्षा, सगळे एका लाल वायरीपायी. आणि हो, कॅमेऱ्यासाठी बॅटरीवरून ओढलेल्या वायरीला फ्यूजच नव्हता. ती वायर कुठे पत्र्यावर घासून सोलली असती तर मला पत्र लिहावे लागले नसते, तुमच्याकडे बातमीच आली असती.

लेखात हेडलाइटवर मोठा परिच्छेद आहे. जुने हॅलोजन काढा, एलईडी घाला, रात्रीचा दिवस करा. दिवस होतो खरा, पण समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत. एच४ (अप्पर-डिपर एकत्र असलेल्या हॅलोजन) बल्बमध्ये डिपरच्या फिलामेंटखाली पत्र्याची इवलीशी वाटी असते. वर जाणारा उजेड ती अडवते. बल्बमागचा आरसा त्या फिलामेंटची नेमकी जागा धरून घडवलेला असतो. त्या जागी दोन बाजूंना चिकटवलेले एलईडीचे ठिपके आले की उजेड फुटेल तिकडे फुटतो. याच पानाच्या खालच्या अर्ध्या भागात एलईडी बल्बची जाहिरात होती, हा योगायोगच असणार. मी संशयी स्वभावाचा नाही.

याच विषयावर मी मागे पत्र पाठवले होते. ते तुम्ही छापलेत, आभारी आहे, पण निम्मे छाटून. मी लिहिले होते की जुन्या गाडीचा उजेड वाढवायचा तर बल्बला हात लावू नका, रिले (थोड्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) बसवा. छापून आले ते एवढेच की 'जुन्या गाडीचा उजेड वाढवायला हवा'. वा! तेव्हा जे छाटलेत ते पुन्हा लिहितो, या खेपेला जागा द्यावी. बऱ्याच जुन्या गाड्यांत हेडलाइटचा सगळा करंट डॅशवरच्या स्विचमधून, लांबच लांब बारीक वायरीतून फिरून येतो. माझ्या गाडीत इंजिन चालू असताना बॅटरीवर १३.८ व्होल्ट होते आणि बल्बवर जेमतेम ११.९. हॅलोजनचे व्होल्टेज दहा टक्के घटले की उजेड तीसेक टक्के घटतो. दोन रिले, जाड वायर, बॅटरीजवळ फ्यूज आणि अर्थिंगचा बोल्ट घासून पुसून स्वच्छ. बल्बवर १३.४ व्होल्ट आले. बल्ब तेच, ६०/५५ वॉटचे. समोरचा कोणी अप्पर मारून शिव्या देत नाही.

सुरक्षिततेची साधनेही 'हळूहळू जोडता येतील' असे लेखक म्हणतात. एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा? ते गाडीत येते ते चाकांचा वेग मोजणारे सेन्सर आणि ब्रेकच्या तेलाचा दाब सोडणारी-धरणारी यंत्रणा घेऊन. ते मागाहून चिकटवायचे स्टिकर नव्हे. एअरबॅग तर धडकेनंतर डोळ्याची पापणी लवायच्या आत फुगते, आणि ती कधी फुगायची हे त्याच गाडीचा सांगाडा आपटून ठरवलेले असते. तुमच्या फोटोतल्या 'जुन्या' गाडीच्या खांबावर मात्र एअरबॅगची अक्षरे स्पष्ट दिसतात. फोटो कुणी निवडला?

पुढच्या आठवड्यात लेखाचा दुसरा भाग येणार आहे असे खाली छापले आहे. लेखकांना त्याआधी मल्टिमीटर हवा असल्यास कळवावे. शेजाऱ्यांचा आहे, रविवारी परत करायचा आहे.

आपला,
एक जुना वाचक