ऑपरेशनच्या आदल्या रात्री ‘घाबरू नकोस’ म्हणू नका

महोदय,

ऑपरेशनची तारीख ठरली की आपल्या ख्रिस्ती घरांत भेटायला येणाऱ्यांची रीघ लागते आणि जो तो एकच वाक्य टाकून जातो: ‘घाबरू नकोस, विश्वास ठेव.’ हेतू चांगलाच असतो. पण खाटेवरच्या माणसाला त्यातून ऐकू येते ते असे की, मी घाबरले म्हणजे माझा विश्वास तोकडा पडला. पोटात आधीच गोळा आलेला, त्यात हा अपराधीपणा.

त्यातच मोबाइलवर तो ठरलेला निरोप फिरत असतो: बायबलमध्ये ‘भिऊ नका’ 365 वेळा आहे, रोजचे एक. मोजायला बसलात तर आकडा त्याच्या जवळपासही जात नाही. आणि जिथे ते शब्द येतात, तिथे समोरचा माणूस आधीच घाबरलेला असतो, हे कुणी लक्षात घेत नाही. गेथशेमाने बागेत, अटकेच्या रात्री, खुद्द येशू व्याकूळ झाला. ‘हा प्याला माझ्यापासून दूर कर’ असे त्याने उघड मागितले, एकदा नव्हे, पुन्हापुन्हा. शिष्यांकडे त्याचे मागणे एवढेच होते की जवळ थांबा, जागे राहा. ते झोपले. रुग्णभेटीला जाणाऱ्याने पहिला धडा इथूनच घ्यावा. उपदेशाआधी जागरण.

एलीयाची गोष्टही तशीच. ईजबेल राणीच्या धाकाने पळालेला संदेष्टा रतामाच्या झाडाखाली पडून मरण मागतो, तेव्हा देवदूत त्याला प्रवचन देत नाही. निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याची सुरई ठेवतो, झोपू देतो, उठवून पुन्हा खायला लावतो. होरेब डोंगराची 40 दिवसांची वाट त्यानंतरची.

आता प्रत्यक्ष खाटेजवळ काय करावे? खुर्ची ओढून बसा. उभ्या माणसाकडे मान वर करून बोलताना आजारी माणूस आणखी दबतो. फोन बंद ठेवा. दहा मिनिटे पुरेत. पहिला प्रश्न हा: ‘नेमकी कशाची भीती वाटते?’ ‘ऑपरेशनची’ हे उत्तर अर्धवट असते, थोडे थांबलात की खरे बाहेर येते. भूल दिल्यावर जाग येईल ना? बिल कोण भरणार? पोरांकडे कोण बघेल? भुलीची शंका असेल तर तिचे उत्तर फादरांकडे किंवा पास्टरांकडे नाही, भूलतज्ज्ञाकडे आहे. ऑपरेशनआधी ते तपासायला येतात. प्रश्न कागदावर लिहून उशाशी ठेवा, नाहीतर डॉक्टर समोर आले की सगळे विसरायला होते. पोरांची काळजी असेल तर कोण कुठल्या दिवशी डबा देणार ते तिथेच ठरवा. मग प्रार्थनेत ती भीती नावाने सांगा. ‘प्रभू, हिला सांभाळ’ यापेक्षा ‘प्रभू, हिला भुलीची भीती वाटते, त्या वेळी हिच्याजवळ राहा’ हे आजाऱ्याच्या जास्त कामाचे.

वाचायला 23वे स्तोत्र घ्यावे. सहाच ओव्या आहेत. पाठ असलेले, जुन्या वळणाचे भाषांतरच वाचा, नव्या भाषांतराची ओळख करून द्यायची ही वेळ नव्हे. यात एक जागा बारकाईने पाहण्यासारखी आहे. पहिल्या तीन ओव्यांत देवाविषयी ‘तो’ असे येते: तो मला नेतो, तो माझा जीव ताजातवाना करतो. चौथ्या ओवीत मृत्युच्छायेची दरी येते आणि तिथेच ‘तो’ सुटून ‘तू’ येतो: ‘तू माझ्याबरोबर आहेस.’ दरी टळत नाही, पण बोलणे समोरासमोर होते. ही ओवी वाचताना थांबा. आजारी माणसाला म्हणता येत असेल तर त्यालाच म्हणू द्या.

91व्या स्तोत्राबाबत मात्र सावध राहावे. ‘तुझा पाय धोंड्यावर आपटू नये’ म्हणून देवदूत तुला झेलतील, हे वचन उशाखाली ताईत ठेवावा तसे अनेक जण देतात. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायात हेच वचन येशूला कोण ऐकवतो ते पाहा: सैतान, त्याला मंदिराच्या शिखरावरून उडी मारायला लावताना. येशू ते नाकारतो. स्तोत्र वाईट नाही, ते हमीपत्र म्हणून वापरणे वाईट. ‘तुला काहीच होणार नाही’ हे वचन देण्याचा अधिकार भेटायला आलेल्याला नसतो.

कॅथलिक घरांसाठी आणखी एक. आजाऱ्याला तेल लावून प्रार्थना करण्याच्या संस्काराला आपल्याकडे अजून ‘शेवटचा’ म्हणतात. त्यामुळे फादर दारात दिसले की आजाऱ्याचा धीर सुटतो आणि घरचे त्यांना बोलवायला उशीर करतात. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1963 मध्येच सांगितले की हा संस्कार केवळ मरणाच्या दारातल्यांसाठी नाही. गंभीर आजारामुळे ऑपरेशन होणार असेल तर आधी तो घेता येतो. शुद्धीवर असताना, कपाळाला आणि तळहातांना तेल लागताना कळते, तेव्हा घेण्यात अर्थ आहे. ख्रिस्तप्रसाद, म्हणजे मिस्साच्या उपासनेतली पवित्र भाकर, आदल्या संध्याकाळी द्यावा. ऑपरेशनआधी काही तास तोंडात काही घालायचे नसते, त्यामुळे सकाळी द्यायचाच असेल तर वॉर्डातल्या नर्सला, सिस्टरला, विचारल्याशिवाय नको.

आता रोझरी, म्हणजे मरियेच्या प्रार्थनांची जपमाळ. इटलीतल्या संशोधकांनी 2001 मध्ये 23 निरोगी माणसांवर केलेल्या अभ्यासात लॅटिन ‘आवे मारिया’ म्हणताना श्वास मिनिटाला सुमारे सहावर आला, योगमंत्र म्हणतानाही तेच दिसले. घाईने उरकलेल्या जपमाळेकडून मात्र ही अपेक्षा ठेवू नये. रात्री झोप लागत नसेल तर पाचही दशके, म्हणजे दहा-दहा प्रार्थनांचे पाच भाग, पुरी करण्याचा हट्ट सोडा. एकच दशक, दोघांनी मिळून, प्रत्येक प्रार्थनेचा अर्धा भाग एकाने आणि अर्धा दुसऱ्याने म्हणत, पूर्ण श्वास सोडून.

आणि भीती ऑपरेशनपुरती नसेल, आठवड्यांमागून आठवडे झोप उडाली असेल, अचानक छाती धडधडून गुदमरायला होत असेल, तर ‘देवाने आपल्याला भित्रेपणाचा आत्मा दिला नाही’ हे तीमथ्याच्या पत्रातले वचन तोंडावर मारू नका. छातीची तक्रार आधी डॉक्टरांना दाखवा. मनाच्या आजाराच्या गोळ्या चालू असतील तर प्रार्थनेच्या भरवशावर त्या परस्पर बंद करायला सांगू नका, गोळ्या अचानक सोडल्याने त्रास वाढू शकतो. सरकारची टेली-मानस ही मोफत हेल्पलाइन 14416 या क्रमांकावर चोवीस तास चालू असते. चर्चच्या सूचनाफलकावर मिस्साच्या वेळांखाली हा आकडा लिहायला काही अडचण नसावी.

शेवटी एक किरकोळ वाटणारी गोष्ट. ऑपरेशन थिएटरमध्ये नेण्याआधी अंगावरचे धातूचे सगळे काढायला लावतात. गळ्यातला क्रूस कित्येक वर्षे न काढलेला असतो, तो ऐन वेळी सिस्टरने मागितला की काहींचा बांध तिथेच फुटतो. हे आदल्या दिवशी सांगून ठेवा. क्रूस कुणाच्या हातात द्यायचा ते आजाऱ्यालाच ठरवू द्या, आणि त्या माणसाने तो खिशात न टाकता, थिएटरचे दार बंद होईपर्यंत आजाऱ्याला दिसेल असा हातात धरावा.

— रुग्णभेटीच्या सेवेतील एक वाचक, वसई