ताई, त्या उपटलेल्या वायरबद्दल मनापासून आभार

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार.

त्या रात्री अकराला तुम्ही फोन उचललात. दूध संकलन केंद्रांवरच्या मशीनकडून नोंदी येणं थांबलं होतं. त्या नोंदी घेणारा माझा पायथन भाषेतला सर्व्हर चालू दिसत होता, लॉगमध्ये एकही एरर नव्हती. "आधी रीस्टार्ट कर, सकाळचं संकलन चुकायला नको. उद्या येते," म्हणालात आणि खरंच आलात.

आल्या आल्या तुम्ही चाचणीच्या मशीनची नेटवर्क वायर उपटलीत. "आता सर्व्हरवर बघ." बघितलं, तर जोडणी 'एस्टॅब्लिश्ड', म्हणजे अजून जोडलेलीच! पाच मिनिटांनी बघितलं, तरी तेच. केंद्रावर लाइट गेली की मशीन काही न कळवताच बंद पडतं आणि आपला रिसीव्ह, म्हणजे आलेला डेटा वाचणारा आदेश, पुढच्या बाइटची वाट बघत बसतो, हे तेव्हा डोळ्यांनी दिसलं. एक केंद्र अडकलं की त्याच्यामागे बाकीची सगळी रांगेत. लाइन तुटली की एरर येणारच, असं मी इतकी वर्षं धरून चाललो होतो.

पायथनच्या सॉकेटला (जोडणीच्या आपल्याकडच्या टोकाला) आपण लावल्याशिवाय टाइमआउट, म्हणजे वाट बघायची मुदत, नसतो, हे तुमच्याकडून कळलं. लिनक्सवर कीपअलाइव्ह, म्हणजे गप्प जोडणी जिवंत आहे का याची आपोआप चौकशी, चालू केलं तरी मूळ सेटिंगप्रमाणे पहिली चौकशी ७२०० सेकंदांनी, मग ७५ सेकंदांच्या अंतराने ९ वेळा. म्हणजे जोडणी तुटल्याचं कळायला सव्वादोन तासांच्या आसपास. तोवर संकलन आटोपून केंद्राला कुलूप लागतं.

मी लगेच दोन्हीकडे दहा सेकंदांचा टाइमआउट लावला. उत्तर आलं नाही तर मशीनने नोंद पुन्हा पाठवायची. तुम्ही विचारलंत, "नोंद पोचली आणि पोचपावतीच वाटेत हरवली तर?" मी गप्प. एखाद्याचं आठ लिटर दूध सोळा लिटर म्हणून लागलं असतं. टाइमआउट झाला म्हणून नोंद पोचली नाही असं धरायचं नाही, पोचली की नाही ते ठाऊक नाही एवढंच धरायचं, हे तुम्ही दोनदा बजावलंत. मग प्रत्येक नोंदीच्या पावतीला मशीनवरच क्रमांक दिला. तो क्रमांक आधी आलेला असेल तर सर्व्हर नोंद न करता फक्त पोचपावती पुन्हा पाठवतो.

जाता जाता रिसीव्हमधून शून्य बाइट येणं म्हणजे समोरच्याने रीतसर जोडणी बंद करणं, हेही दाखवलंत. माझा लूप, म्हणजे पुन्हा पुन्हा वाचणारा कोड, तिथे न थांबता नुसता गरगरत होता.

काल संध्याकाळी पावसात चार केंद्रांची लाइट गेली. लॉगमध्ये चार टाइमआउट, बाकी केंद्रं सुरळीत. लाइट आल्यावर राहिलेल्या पावत्या आल्या. त्यांतली एक दोनदा आली होती, नोंद एकदाच झाली. ती ओळ बघितली आणि हे पत्र लिहायला बसलो.

तुमचा,
ऋणी सहकारी