पाहणी होते, निष्कर्ष मात्र परत येत नाहीत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

विद्यापीठांनी समाजाभिमुख व्हावे, आपल्या परिसराशी नाते जोडावे, असे दीक्षान्त समारंभांतील भाषणांतून आणि धोरणविषयक कागदपत्रांतून वारंवार सांगितले जाते. त्याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. मात्र विद्यापीठाच्या शेजारी राहणाऱ्या माणसाला हे नाते प्रत्यक्षात कसे अनुभवास येते, याबद्दल चार गोष्टी मांडाव्यात म्हणून हे पत्र लिहीत आहे.

मी राहते त्या वस्तीत गेल्या काही वर्षांत तीन वेळा पाहणी झाली. तिन्ही वेळा प्रश्न जवळपास तेच होते: घरात माणसे किती, पाणी किती वेळ येते, ते कशात साठवता, वर्षभरात पोटाचे विकार किती जणांना झाले. तिसऱ्या खेपेला आलेली विद्यार्थिनी मोठ्या आस्थेने काम करत होती. उंबऱ्याशी बसून, गुडघ्यावर पुठ्ठा ठेवून ती एकेक रकाना भरत होती. शेजारच्या आजींनी सगळी उत्तरे दिली आणि शेवटी विचारले, ‘‘मागच्या वेळी लिहून नेलंत, त्यातून काय निघालं?’’ मुलीचा हात तिथेच थांबला. आधी दोनदा पाहणी झाल्याचे तिला कोणी सांगितलेच नव्हते. पुढे मी संबंधित विभागात चौकशी केली, तेव्हा अहवाल मूल्यांकनासाठी सादर झाला असून त्याची प्रत बाहेरच्या व्यक्तीला देता येत नाही, असे उत्तर मिळाले. ज्यांच्या घरातील आजारपणाची नोंद त्या अहवालात आहे, तेच त्याच्या लेखी ‘बाहेरचे’ ठरले, याचे मला अतिशय वाईट वाटले.

यात दोष त्या मुलीचा नाही, आणि तिच्या मार्गदर्शकांना एकट्याला दोष देणेही योग्य होणार नाही. विद्यापीठ परिसराकडे कोणत्या नजरेने पाहते, हा खरा मुद्दा आहे. या संबंधासाठी आपल्याकडे ‘विस्तार’ हा शब्द रूढ आहे, आणि ज्ञान आत तयार होते व ते बाहेर पोचवायचे असते, ही समजूत त्या शब्दातच आहे. या समजुतीतूनही मोलाचे काम झाले, हे मान्य केले पाहिजे. केंब्रिज विद्यापीठाने 1873 मध्ये इंग्लंडमधील औद्योगिक शहरांत व्याख्यानमाला सुरू केल्या आणि ज्यांना विद्यापीठाची पायरी चढणे शक्य नव्हते त्यांच्यापर्यंत प्राध्यापक स्वतः जाऊ लागले. अमेरिकेत 1914 च्या कायद्याने कृषी विद्यापीठांचे विस्तारसेवक जिल्ह्याजिल्ह्यांत नेमण्याची व्यवस्था पक्की झाली. भारतात 1969 मध्ये 37 विद्यापीठांत राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली, तेव्हा तिच्यात सुमारे 40 हजार विद्यार्थी होते. मात्र या साऱ्यात काय शिकवायचे आणि कोणते काम हाती घ्यायचे, हे बहुधा विद्यापीठाच्या बाजूनेच ठरत आले.

नेदरलँड्समधील विद्यापीठांत 1970 च्या दशकात या क्रमाला वेगळे वळण मिळाले, आणि मला त्याविषयी थोडे सविस्तर लिहायचे आहे. तेथे ‘विज्ञान दुकान’ या अर्थाच्या नावाने विद्यापीठातच एक खिडकी उघडण्यात आली. रहिवाशांची समिती, रुग्णांचा गट किंवा कामगारांची संघटना यांनी तेथे यावे आणि आपला प्रश्न मांडावा, अशी सोय होती. अटी साध्या होत्या. विचारणाऱ्याकडे संशोधनाचा खर्च करण्याची ऐपत नसावी, प्रश्नामागे नफ्याचा हेतू नसावा आणि मिळालेल्या उत्तराचा उपयोग करून घेण्याइतकी त्या गटाची तयारी असावी. आलेल्या तक्रारीला अभ्यासता येईल असे रूप देण्याचे काम समन्वयक करतो. प्राध्यापकांच्या देखरेखीखाली विद्यार्थी तो विषय आपल्या प्रकल्पासाठी किंवा प्रबंधासाठी घेतात. आणि निष्कर्ष विचारणाऱ्यांना समजेल अशा भाषेत त्यांच्या हाती दिले जातात. विद्यार्थ्याला गुण मिळतात, वस्तीला उत्तर मिळते. पुढे युरोपातील इतर देशांतही अशी केंद्रे उभी राहिली.

माझ्या मते यातील सर्वांत मोलाची व्यक्ती समन्वयक ही आहे. ‘आमच्या पाण्याला वास येतो’ हे रहिवाशाचे वाक्य आणि ‘अमुक ठिकाणचे नमुने अमुक घटकांसाठी तपासावेत’ हे प्रयोगशाळेचे वाक्य, यांमधले अंतर कापायला दोन्ही भाषा जाणणारा माणूस लागतो. हे काम तात्पुरत्या नेमणुकीवर किंवा एखाद्या अध्यापकाच्या उरल्यासुरल्या वेळात होणारे नाही.

रहिवासी आणि संशोधक बरोबरीने उभे राहिले तर काय घडू शकते, हे अमेरिकेतील फ्लिंट शहराने दाखवून दिले. तेथे एप्रिल 2014 मध्ये पाण्याचा स्रोत बदलण्यात आला. गंज रोखणारी प्रक्रिया न केल्याने जुन्या नळांमधले शिसे पाण्यात उतरू लागले. रहिवासी तक्रार करत होते, अधिकारी पाणी सुरक्षित असल्याचे सांगत होते. 2015 मध्ये एका रहिवासी आईच्या पुढाकारातून व्हर्जिनिया टेक विद्यापीठाच्या संशोधकांशी संपर्क झाला. त्यांनी सुमारे 300 नमुना-संच पाठवले आणि रहिवाशांनीच ते घरोघर पोचवले. प्रत्येक घरात तीन बाटल्या भरायच्या होत्या: बराच वेळ बंद असलेला नळ उघडताच पहिली, 45 सेकंदांनी दुसरी आणि दोन मिनिटांनी तिसरी. शिशाचे प्रमाण गंभीर असल्याचे त्यातून दिसले, संशोधकांनी ते उघडपणे मांडले, आणि स्थानिक डॉक्टरांनी मुलांच्या रक्ततपासणीचे निष्कर्ष पुढे आणल्यानंतर ऑक्टोबर 2015 मध्ये पाण्याचा जुना स्रोत पुन्हा सुरू झाला. नमुना कसा घ्यायचा हे समजावून सांगितले, तर सामान्य माणूस शास्त्रीय काम किती काटेकोरपणे करतो, हे मला यात विशेष वाटते.

असे काम नेहमी का होत नाही, याचे कारण अध्यापकांना ठाऊक आहे. पदोन्नतीच्या वेळी नियतकालिकांत प्रसिद्ध झालेले शोधनिबंध मोजले जातात. वस्तीत जाऊन निष्कर्ष समजावून सांगण्यात घालवलेल्या संध्याकाळी कोणत्याच रकान्यात बसत नाहीत. शिवाय सत्र चार-पाच महिन्यांत संपते, विद्यार्थी पुढे जातात, आणि वस्तीचा प्रश्न मात्र वर्षानुवर्षे तिथेच असतो. म्हणून एका तुकडीने केलेले काम पुढच्या तुकडीच्या हाती नोंदींसह सोपवण्याची व्यवस्था विभागाकडे असली पाहिजे. तशी ती असती, तर आमच्याकडे आलेल्या मुलीला आजींसमोर निरुत्तर व्हावे लागले नसते.

विद्यापीठांच्या प्रशासनाने तीन गोष्टी तातडीने कराव्यात, अशी माझी विनंती आहे. परिसरातील प्रत्येक पाहणीची नोंद एका जागी ठेवावी व नव्या पाहणीला परवानगी देण्यापूर्वी ती नोंद तपासावी. निष्कर्षांचा दोन पानी सारांश लोकांच्या भाषेत, कोणाचीही ओळख उघड न करता, त्याच वस्तीत वाचून दाखवल्याशिवाय प्रकल्पाचे अंतिम गुण देऊ नयेत. पाहणीत काहीच हाती लागले नसेल, तर तेही सांगावे. आणि रहिवाशांना आपला प्रश्न घेऊन येता येईल अशी एक खोली, ठरावीक वेळ आणि कायमस्वरूपी नेमलेला समन्वयक प्रत्येक विद्यापीठात असावा. यांतल्या पहिल्या दोन गोष्टींना फारसा निधी लागत नाही, तेव्हा निदान त्या येत्या सत्रापासून सुरू व्हाव्यात. आमच्या वस्तीच्या तिन्ही अहवालांची वाट आजी आणि मी अजूनही पाहत आहोत.

आपली नम्र,
एक वाचक