फाईल खराब नव्हती, मशीन जास्त पळत होतं

आदरणीय काका,

सप्रेम नमस्कार.

माझ्या वडिलांचा जुना कॉम्प्युटर-प्रोग्रॅम पुन्हा चालू करून दिलात म्हणून आभार मानले, तर "अहो, त्यात काय एवढं" म्हणून तुम्ही फोनवर विषय संपवलात. तुमच्यापुरता तो संपला असेल, माझ्यापुरता नाही. म्हणून चारचौघांत लिहिते आहे. नाव मात्र घालत नाही, ते तुम्हाला खपणार नाही.

वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते. माझे वडील, म्हणजे आप्पा, वर्षानुवर्षं रोजचा पाऊस मोजून लिहून ठेवतात. त्यासाठी त्यांनी टर्बो पास्कल या प्रोग्रॅमिंगच्या साधनात स्वतः एक डॉसचा, म्हणजे विंडोजच्या आधीच्या जमान्यातल्या कॉम्प्युटरवर चालणारा, प्रोग्रॅम लिहिला होता. काळा स्क्रीन, हिरवी अक्षरं, एफ-टू दाबलं की नोंद सेव्ह. जुना कॉम्प्युटर बसला तेव्हा प्रोग्रॅम आणि सगळ्या नोंदी एका फ्लॉपीवर तेवढ्या उरल्या. घरात नवाकोरा लॅपटॉप आला, त्याला ना फ्लॉपी घालायला जागा, ना डॉसची ओळख. हल्लीच्या लॅपटॉपांवर असते त्या ६४ बिट विंडोजमध्ये डॉसचे प्रोग्रॅम चालवणारा भाग ठेवलेलाच नाही, आणि २०२१ मध्ये आलेली विंडोज ११ तर फक्त ६४ बिटच मिळते. म्हणजे मागे फिरायची वाटही बंद.

तुमच्याआधी आम्ही कोणाकोणाच्या पाया पडलो ते तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगते. एकाने फ्लॉपी हातात धरून मित्राला हाक मारली, "ए, हे बघ काय आलंय!" आणि दोघं हसले. आप्पा समोर उभे होते. दुसऱ्याने सगळं एक्सेलमध्ये आणून देतो म्हणून छातीठोक सांगितलं. फाईल उघडली तर नुसती चित्रविचित्र चिन्हं. टर्बो पास्कल आपले अपूर्णांक सहा बाइटच्या स्वतःच्याच पद्धतीने साठवतं, ते एक्सेलला कुठून कळणार? पण त्याने "तुमच्या वडिलांनी काहीतरी भलतंच करून ठेवलंय" म्हणून हात झटकले. तिसऱ्याच्या धुळीने भरलेल्या ड्राइव्हला फ्लॉपी वाचता येईना. डिस्क फॉरमॅट करायची का, असं विंडोजने विचारलं आणि पठ्ठ्याचं बोट "हो"कडे निघालंसुद्धा. मी ओरडले म्हणून थांबला. शेवटच्या महाशयांनी पैसे आधी घेतले, व्हर्च्युअल मशीन, म्हणजे कॉम्प्युटरच्या आत चालणारा नकली कॉम्प्युटर, उभं केलं, प्रोग्रॅम सुरू केला. स्क्रीनवर आलं: रनटाइम एरर २००. "फाईल करप्ट झाली, आता विसरा." एवढं बोलून ते पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळले. त्या दिवसापासून आप्पा पावसाचे आकडे कॅलेंडरच्या पानांमागे लिहायला लागले.

आणि मग तुम्ही. मला आठवतं ते एवढंच: फ्लॉपी हातात आल्यावर तुम्ही ती ड्राइव्हमध्ये घातलीच नाही. आधी उलटी केलीत, कोपऱ्यातली ती काळी बारीक पट्टी नखाने सरकवलीत आणि फ्लॉपी खिडकीसमोर धरून भोकातून उजेड दिसतो का ते पाहिलंत. मग आप्पांना म्हणालात, "आता हिच्यावर कोणाला काही लिहिता येणार नाही. मलाही नाही." ती पट्टी सरकवली की ड्राइव्ह फ्लॉपीवर काही लिहूच देत नाही, मग समोरच्याने कितीही वेळा "हो" दाबू दे. एवढी साधी गोष्ट. इतक्या जणांच्या हातून ती फ्लॉपी गेली, पण पट्टीकडे कोणाचं लक्ष गेलं नव्हतं. तुम्ही ती सरकवलीत आणि आप्पा पहिल्यांदा खुर्चीत नीट टेकून बसले. मी तेव्हाच मनात म्हटलं, आता चाललं नाही तरी चालेल.

पण चाललं! एरर २०० चं नाव काढल्यावर तुम्ही हसलात, ते हसणं मात्र वेगळं होतं. "फाईल ठणठणीत आहे हो, मशीन जास्त पळतंय." मग तुम्ही समजावलंत ते मी जसंच्या तसं सगळ्यांना सांगत सुटले आहे. टर्बो पास्कलचे असे प्रोग्रॅम सुरू होतानाच कॉम्प्युटरचा वेग मोजतात: कॉम्प्युटरच्या घड्याळाच्या एका टिकटिकीत, म्हणजे साधारण ५५ मिलिसेकंदांत, रिकाम्या फेऱ्या किती होतात ते मोजायचं आणि त्या आकड्याला ५५ ने भागायचं. उत्तर ६५,५३५ च्या आत असलं पाहिजे, कारण त्याला जागाच तेवढी ठेवलेली. टर्बो पास्कल ७ आलं १९९२ मध्ये, तेव्हाच्या मशीनांवर ते आरामात मावायचं. पुढे प्रोसेसर २०० मेगाहर्ट्झच्या घरात गेले तसं ते मावेना, आणि बिचाऱ्या प्रोग्रॅमला वाटतं आपण शून्याने भागलं; एरर २०० चा अर्थ तोच. ज्यांनी फाईल करप्ट ठरवली त्यांनी एररचा हा नंबर नुसता शोधून पाहिला असता तरी कळलं असतं.

मग तुम्ही डॉसबॉक्स, म्हणजे जुन्या डॉसच्या कॉम्प्युटरची नक्कल करणारा प्रोग्रॅम, घातलंत, वेग हवा तेवढा खाली आणलात आणि हिरवी अक्षरं आली. बाकी काय काय केलंत ते मला कळलं नाही आणि इथे सांगायची गरजही नाही. डॉसबॉक्स २००२ पासून फुकट मिळतं आणि मुळात जुने गेम खेळता यावेत म्हणून बनवलेलं आहे, हे ऐकून आप्पांना फार गंमत वाटली. ज्या लोकांनी ते लिहिलं त्यांनाही माझा नमस्कार पोचवा, ओळखत असाल तर.

काका, हुशार माणसं आम्हाला आधीही भेटली होती. पण "हे कशाला हवंय?" असं न विचारता "कोणत्या वर्षापासूनच्या नोंदी आहेत?" असं विचारणारे तुम्ही एकटेच. ज्याला काम येतं आणि समोरच्याच्या वस्तूला हात लावण्याआधी जो क्षणभर थांबतो, असा माणूस डॉक्टर असो, शिंपी असो की कॉम्प्युटरवाला, त्याच्या हाती आपली वस्तू बिनघोर देता येते. पैशांचं तर तुम्ही बोलूच दिलं नाहीत. त्यावर मी अजून रागावलेली आहे.

कॅलेंडरच्या मागचे सगळे आकडे आप्पांनी प्रोग्रॅममध्ये चढवले. फ्लॉपीच्या आणखी प्रती तुम्ही सांगितल्याप्रमाणे वेगवेगळ्या ठिकाणी ठेवल्या आहेत.

आपली,
आप्पांची लेक

ता. क. आप्पांची एक तक्रार आहे. पी दाबलं की पूर्वी महिन्याचा तक्ता प्रिंटरवर यायचा, आता काहीच होत नाही. सवडीने बघाल का? घाई नाही, असं मी म्हणते. आप्पा तसं म्हणत नाहीत.