बिघाड तुमच्याच माणसाच्या हातून, आणि कोटेशन मात्र नव्या सर्व्हरचे

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय : तीनदा ‘रिझॉल्व्ह्ड’ म्हणून बंद केलेली तक्रार, व्हिजिटचे बिल आणि नव्या सर्व्हरचे कोटेशन

महोदय,

आमच्या कॉलेजच्या लॅबमध्ये ३६ पीसी आहेत आणि त्यांचा वार्षिक देखभाल करार तुमच्याकडे आहे. दर सत्राआधी आम्ही हे पीसी नव्याने तयार करतो. एफ१२ दाबून नेटवर्कवरून बूट केले (यालाच पीएक्सई बूट म्हणतात), की विंडोज सर्व्हर २०१६ वरच्या डब्ल्यूडीएसमधून, म्हणजे विंडोज डिप्लॉयमेंट सर्व्हिसेसमधून, इमेज (विंडोजची तयार प्रत) उतरते. एकटा लॅब असिस्टंट दिवसभरात सगळी लॅब उभी करतो. चार वर्षे हे बिनबोभाट चालले होते.

गेल्या महिन्यात आमचा राउटर जळाला. त्याच दिवशी तुमचे इंजिनिअर आले. राउटर करत होता ते आयपी, म्हणजे प्रत्येक पीसीला नेटवर्कवरचा पत्ता, वाटायचे काम त्यांनी सर्व्हरवरच डीएचसीपी रोल टाकून सुरू केले आणि सर्व्हर रीस्टार्ट केला. तासाभरात इंटरनेट सुरू झाले. आम्ही आभार मानले, चहा पाजला. ते आभार आजही मागे घेत नाही, कारण तात्पुरती सोय म्हणून त्यात गैर काहीच नव्हते. फक्त याच सर्व्हरवर डब्ल्यूडीएस चालते, हे त्यांनी विचारले नाही आणि सांगायचे आम्हालाही सुचले नाही.

दोन दिवसांनी इमेज टाकायला बसलो. पहिल्याच पीसीवर ‘पीएक्सई-ई५३ : नो बूट फाइलनेम रिसीव्ह्ड’. दुसऱ्यावर तेच, मग सगळ्यांवर तेच.

पहिल्या तक्रारीला तुमच्या माणसाने रिमोटवरून सर्व्हिसेसची यादी उघडली, डब्ल्यूडीएससमोर ‘रनिंग’ लिहिलेले पाहिले आणि तिकीट बंद केले. दुसऱ्या वेळी सर्व्हिस रीस्टार्ट केली, पुन्हा ‘रनिंग’, पुन्हा तिकीट बंद. तिसऱ्यांदा प्रत्यक्ष भेट झाली. त्या वेळचे निदान असे : “मायक्रोसॉफ्टनेच डब्ल्यूडीएस बंद केलंय सर, आता सर्व्हरच बदला.” दुसऱ्या दिवशी १,८५,००० रुपयांचे कोटेशन आले, सोबत व्हिजिटचे २,५०० रुपयांचे बिल.

डब्ल्यूडीएस बंद झाल्याची गोष्ट अर्धीच खरी आहे. विंडोज ११ च्या मीडियातली मूळ बूट फाइल वापरून डब्ल्यूडीएसमधून इन्स्टॉलेशन करणे मायक्रोसॉफ्टने अडवले आहे. पीएक्सई बूट बंद केलेले नाही, स्वतः बनवलेल्या बूट इमेजलाही मनाई नाही. शिवाय आमचे पीसी त्या फाइलपर्यंत पोहोचतच नव्हते. ई५३ चा अर्थ सरळ आहे : पीसीला पत्ता मिळाला, पण बूट फाइल कुठून घ्यायची ते कोणी सांगितले नाही.

शेवटी आम्हीच सर्व्हरच्या नोंदी दाखवणारा इव्हेंट व्ह्यूअर उघडला. पहिल्याच पानावर डब्ल्यूडीएसपीएक्सईची एरर होती : ०.०.०.०:६७ वर, म्हणजे नेटवर्कवरच्या विनंत्या ऐकायच्या ६७ क्रमांकाच्या दारावर (पोर्टवर), यूडीपी एंडपॉइंट तयार करता आला नाही, दुसरे ॲप्लिकेशन हे पोर्ट आधीपासून वापरत असू शकते, एरर ०एक्स२७४०. दशमानात हा आकडा १००४८ होतो, म्हणजे ‘पत्ता आधीच वापरात’. कोणते पोर्ट कोण वापरते हे दाखवणाऱ्या नेटस्टॅट कमांडने पाहिले तर ६७ वर डीएचसीपी बसलेला. डब्ल्यूडीएसही सुरुवातीला तेच पोर्ट मागते. सर्व्हिस चालू होती हे खरे, पण तिच्यातला पीएक्सईचा भाग उभाच राहिला नव्हता. ‘रनिंग’ एवढे वाचून हे कळत नाही.

उपाय मायक्रोसॉफ्टच्या कागदपत्रांत दिलेला आहे. डब्ल्यूडीएसच्या प्रॉपर्टीजमध्ये डीएचसीपीच्या टॅबवर दोन खुणा करायच्या : डीएचसीपीच्या पोर्टवर ऐकू नकोस, आणि डीएचसीपीच्या ऑप्शन ६० मध्ये ‘पीएक्सईक्लायंट’ लिही, म्हणजे बूट सर्व्हरही इथेच आहे हे पीसींना कळेल. सर्व्हिस रीस्टार्ट केली. पाचव्या मिनिटाला पहिल्या पीसीवर इमेज उतरू लागली.

पण तोवर सत्र सुरू झाले होते. उपाय सापडण्याआधीच आम्ही तीन पेन ड्राइव्ह घेऊन दोन दिवस एकेक पीसी हाताने भरला होता. पहिल्या वर्षाची चार प्रॅक्टिकल्स बुडाली ती आता रविवारी घेतोय.

तरी २,५०० रुपयांचे बिल लेखी रद्द करावे आणि कोटेशन मागे घ्यावे. तिन्ही तिकिटांवरचा ‘रिझॉल्व्ह्ड’ शेरा काढून खरे कारण नोंदवावे. यापुढे सर्व्हरवर कोणताही रोल टाकण्याआधी ‘यावर आणखी काय चालते’ हे विचारून नोंदवहीत लिहावे आणि माझी सही घ्यावी. उत्तर आठ दिवसांत अपेक्षित आहे. ते आले नाही, तर करार नूतनीकरणाची फाइल मी प्राचार्यांकडे शिफारशीविनाच पाठवीन.

एक राहिले. नवा राउटर पुढच्या आठवड्यात येतोय. डीएचसीपी तिकडे हलवला, की डब्ल्यूडीएसमधल्या त्या दोन्ही खुणा काढाव्या लागतील, नाहीतर पुन्हा ई५३. ते काम आम्ही करू, कृपया कोणाला पाठवू नये.

आपला,
प्रयोगशाळा प्रमुख, संगणक विभाग

सोबत : इव्हेंट लॉगची प्रत, तिन्ही तिकिटांचे स्क्रीनशॉट, बिलाची छायाप्रत