लघवीचा तक्ता कोण वाचतो?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या आरोग्य पुरवणीत मूत्रपिंडाचा विषय निघाला की लेख मधुमेह, रक्तदाब आणि डायलिसिसकडे वळतो. ते योग्यच. पण भलत्याच आजारासाठी दाखल झालेल्या माणसाचे मूत्रपिंड दोन-चार दिवसांत अचानक ढासळते, त्याविषयी फारसे छापून येत नाही. परिचारिका म्हणून वॉर्डात आयुष्य गेले, म्हणून हे लिहिते आहे.

हा बिघाड बहुधा दुखत नाही, तो आकड्यांतच पकडावा लागतो. क्रिएटिनिन म्हणजे रक्तातले टाकाऊ द्रव्य, मूत्रपिंड बिघडले की ते रक्तात वाढते; रिपोर्टवर त्याच्यापुढे छापलेली 'नॉर्मल' मर्यादा पाहिली की सगळे निर्धास्त होतात. समजा, कृश अंगाच्या आजींचे क्रिएटिनिन दाखल होताना ०.६ (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर) होते आणि दोन दिवसांनी ०.९ झाले. कागदावर सगळे ठीक. पण ४८ तासांत ०.३ ची वाढ झाली की मूत्रपिंडाला तीव्र इजा झाली असे धरावे, असे २०१२ चे आंतरराष्ट्रीय निकष सांगतात. आकडा त्याच रुग्णाच्या जुन्या आकड्याशी ताडून पाहायला हवा. नातेवाइकांनी जुने रिपोर्ट सोबत आणले तर मोठी मदत होते.

क्रिएटिनिन मागाहून चढते. लघवी बरेचदा त्याआधीच घटलेली असते. वजनाच्या दर किलोमागे तासाला अर्ध्या मिलिलिटरपेक्षा कमी लघवी, असे सलग सहा तास चालले तर तोही इजेचाच निकष. ६० किलोच्या माणसाला सहा तासांत १८० मिलीसुद्धा झाली नाही, तर डॉक्टरांना लगेच कळवायला हवे. प्रत्यक्षात तक्त्यावर काय दिसते? सकाळच्या राउंडआधी घाईने भरलेले ५००, १००० असे गोल आकडे, नाहीतर नुसते 'लघवी झाली'. एका परिचारिकेकडे किती रुग्ण असतात ते मी जाणते, त्यामुळे दोष तिच्या एकटीच्या माथी मारू नये. मोजण्यापुरती लघवीची नळी (कॅथेटर) घालायचीही गरज नसते, त्याने जंतुसंसर्गच वाढतो. मापाचे भांडे पुरते. नळी असलीच आणि पिशवी रिकामी दिसली, तर आधी ती रुग्णाच्या मांडीखाली दुमडली नाही ना, ते पाहावे.

मग कारण शोधायचे. उलट्या-जुलाबांनी पाणी कमी झाले, रक्तात जंतुसंसर्ग पसरला, की प्रोस्टेटमुळे लघवी तुंबली? औषधांची यादीही तपासावी. डायक्लोफेनॅकसारखी वेदनाशामके, रक्तदाबाच्या काही गोळ्या आणि लघवीची गोळी एकत्र आली की मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा खालावतो. जेंटामायसिन, अमिकासिन या प्रतिजैविकांचा डोस तर रोज नव्याने तपासावा. लघवी होत नाही म्हणून लॅसिक्स (लघवी वाढवणारे औषध) टोचण्याची सवय मला कधीच पटली नाही: अंगात पाणी साठले असेल तर ते उपयोगी, मूत्रपिंड त्याने दुरुस्त होत नाही. सलाईनचेही तेच. तूट भरून निघाल्यावरही ते चालू ठेवले तर फुप्फुसात पाणी भरते.

पोटॅशियम किंवा रक्तातील आम्ल आटोक्याबाहेर गेले, दम लागला, तर डायलिसिसला उशीर नको. पण नुसते क्रिएटिनिन वाढले म्हणून घाई करण्यातही लाभ नाही. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या आंतरराष्ट्रीय चाचणीत डायलिसिस लवकर सुरू करून मृत्यू कमी झाले नाहीत.

एक मागणी आहे. डिस्चार्ज कार्डावर दाखल होतानाचे, सर्वाधिक आणि घरी जातानाचे क्रिएटिनिन लिहावे. कोणती औषधे थांबवली, ती पुन्हा केव्हा सुरू करायची आणि तीन महिन्यांनी फेरतपासणीची तारीखही लिहावी.

आपली,
एक निवृत्त परिचारिका