बाई, रंग काढून झाला, आता घर बघायला या

प्रिय बाई,

तुम्ही लेकीकडे पुण्याला गेलात आणि दुसऱ्याच दिवशी पेंटरदादांनी आमच्याकडे शेवटचा हात मारला, त्यामुळे पूर्ण झालेलं घर तुम्ही अजून बघितलेलंच नाहीये. रंग निवडायला तुम्ही जी मदत केलीत त्याबद्दल फोनवर मी थँक्यू म्हटलं पण तुम्ही नेहमीसारखं "अगं त्यात काय" म्हणून विषयच बदललात, मग मला जे बोलायचं होतं ते राहूनच गेलं. म्हणून हे लिहितेय, आणि सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय, कारण दिवाळीच्या आधी कितीतरी घरांत रंग काढायचं चाललेलं असतं आणि आमच्यासारखीच सगळी शेडकार्ड पसरून बसलेली असतात.

तुम्ही खालून पहिल्यांदा वर आमच्याकडे आलात तेव्हा आमच्या घरात आठ दिवस नुसता वाद चालला होता. मला हॉल ग्रे हवा होता, ह्यांना बेडरूम निळी, लेकीला लव्हेंडर, आईंना त्यांच्या खोलीत गुलाबी, किचन लिंबू कलरचं आणि पॅसेजला काय ते कुणाच्याच डोक्यात नव्हतं. त्यात मी घाईघाईने पिस्ता रंगाचा चार लिटरचा डबा आणूनही ठेवलेला, घरी उघडून बघितला तर डोळ्यात घुसेल इतका भडक, आणि मशीनवर बनवून घेतलेला रंग दुकानदार परत घेत नाहीत. तुम्ही शेडकार्डाला हातसुद्धा लावला नाहीत. सगळ्या खोल्यांची दारं उघडायला सांगितलीत आणि मला हॉलमध्ये सोफ्यावर बसवून विचारलंत, इथून किती खोल्या दिसतात? किचन, पॅसेज, दोन बेडरूमची दारं, देवघराचा कोनाडा. एका जागेवरून पाच ठिकाणं. फ्लॅटमध्ये कुठलाच रंग त्याच्या खोलीत राहत नाही, तो बाहेर डोकावतो, हे तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं.

मग तुमचं ते साडीचं बोलणं. येवल्याची पैठणी घेताना आपण अंग वेगळं, काठ वेगळा, पदर वेगळा असा तीन दुकानांतून आणतो का, म्हणालात. अंगाचा एक रंग सगळ्यात जास्त, काठ त्याच्याशी नातं सांगणारा, आणि पदरावर जरा उठून दिसणारं काहीतरी, घराचंही तेच. हे ऐकल्यावर आई पहिल्यांदा बोलल्या. त्यांच्या गावच्या घरी दिवाळीआधी एका पिंपात चुना कालवायचे, त्यात थोडी नीळ टाकायचे म्हणजे पिवळट न दिसता पांढरा उजळायचा, आणि माजघर, ओसरी, स्वयंपाकघर सगळीकडे तोच, खाली फक्त गेरूचा पट्टा. तुम्ही लगेच म्हणालात, बघा, तुमच्या सासूबाईंना हे आधीपासून माहितीये. बाई, त्या वाक्यासाठी वेगळं थँक्यू. तोपर्यंत आईंना कुणी विचारतच नव्हतं, मीसुद्धा नाही, आणि त्या दिवसापासून त्या रोज आमच्याबरोबर रंग बघायला उभ्या राहायला लागल्या.

मला सगळ्यात जास्त शिकवलं ते तुमच्या पांढऱ्या कागदाने. साधा प्रिंटरचा कोरा कागद तुम्ही आमच्या फरशीवर ठेवलात. वीस वर्षं मी ज्या टाइल्सला ऑफव्हाइट म्हणत होते त्या एकदम पिवळट दिसायला लागल्या. मग माझा लाडका ग्रे त्याच कागदावर ठेवलात तर तो चक्क निळसर. निळसर ग्रे आणि पिवळट फरशी शेजारी ठेवली की फरशी कितीही पुसा, मळकीच दिसणार. तुम्ही सांगितलंत की फरशी, ओट्याचा ग्रॅनाइट, सागवानी दारं, सोफा, ह्यातलं काही बदलायचं नसेल तर रंग निवडायची सुरुवात तिथूनच करायची, भिंत सगळ्यात शेवटी. आणि फिकट शेडच्या पोटात काय दडलंय ते कळत नसेल तर शेडकार्डच्या त्याच पट्टीवरची सगळ्यात गडद शेड बघायची, ती लपवू शकत नाही. खरंच, ज्याला मी नुसता क्रीम समजत होते त्याच्या पट्टीच्या टोकाला गुलाबी बसलेला होता.

तुम्ही शाळेत शिकवत असताना मुलांना सांगायचात तो किस्सा आमच्या लेकीने आता वर्गात सगळ्यांना सांगून झालाय, पॅरिसच्या गॉब्लां या विणकामाच्या कारखान्याचा. तिथे शेव्हरल नावाचे केमिस्ट रंगाई विभागाचे प्रमुख होते आणि तक्रार आली की विणकामातला काळा रंग फिका वाटतो, त्यांनी तपासलं तर काळ्यात काहीच खोट नव्हती, शेजारच्या निळ्या-जांभळ्या धाग्यांमुळे तो तसा दिसत होता. 1839 मध्ये त्यांनी त्यावर अख्खं पुस्तक काढलं. मला हे फार पटलं, कारण आमच्याकडेही रंग वाईट नव्हतेच, शेजार चुकत होता.

आणि मग ती मोठी ड्रॉइंगशीटं. भिंतीवर सरळ पॅच मारू नका, जुन्या रंगाच्या शेजारी नवा रंग कधीच खरा दिसत नाही, म्हणून शीटवर दोन हात मारून, कडेला पांढरी चौकट सोडून, भिंतीला चिकटवायचं आणि दिवसभर हलवत राहायचं. पूर्ण वाळल्यावरच बघायचं, कारण इमल्शन, म्हणजे भिंतीचा हा पाण्यातला रंग, ओलं असताना फिकट दिसतं आणि वाळल्यावर थोडं गडद होतं. आम्ही सकाळी सात, दुपारी एक, साडेपाच आणि रात्री दिवे लावून असं चार वेळा बघितलं, सलग तीन दिवस. आईंच्या खोलीची खिडकी उत्तरेला, तिथे थेट ऊन नाही, नुसता आकाशाचा थंड उजेड, त्यामुळे त्या गुलाबीत राखेसारखं काहीतरी यायचं. लेकीची खोली पश्चिमेची, चारनंतर नुसतं केशरी ऊन, वरून समोरच्या बिल्डिंगच्या पिवळ्या भिंतीचा उजेड आत येतो, तिथे लव्हेंडर संध्याकाळी मातकट व्हायचा. लेकीने स्वतःच शीट काढून ठेवलं, मला काही समजवावंच लागलं नाही. रात्री तुम्ही हॉलमधली 6500 केल्विनची पांढरी ट्यूब बंद करून 3000 वाला पिवळसर बल्ब लावायला सांगितलात आणि तोच रंग दुसराच झाला! म्हणजे आधी दिवे ठरवा मग रंग, हे आम्हाला कोण सांगणार होतं.

त्या पिस्ता डब्याचं तुम्ही जे केलंत ते तर मी जन्मात विसरणार नाही. मी तो कुणाला तरी देऊन टाकणार होते. तुम्ही पेंटरदादांना बोलावून त्यात त्याच क्वालिटीचा एक लिटर पांढरा घालायला लावलात, आणि मग गेरूसारख्या लाल स्टेनरचे (रंगात मिसळायच्या दाट रंगाचे) थेंब, दोन टाका, ढवळा, शीटवर बघा, अजून दोन. हिरव्याच्या समोरचा रंग लाल, म्हणून लाल थोडासा पडला की हिरव्याचा भडकपणा मरतो, असं तुम्ही सांगत होतात आणि दादा म्हणाले, ताई, वीस वर्षं काळा टाकून भडकपणा मारत आलो, हे कधी सुचलं नाही. शेवटी जो रंग आला तो शेवग्याच्या पानाच्या मागच्या बाजूसारखा, आईंनीच ते नाव दिलं. लेकीच्या खोलीत संध्याकाळचं ऊन त्यावर आता शांत वाटतं. हाताने मिसळलेला रंग परत तसाच बनत नाही म्हणून सगळा एकदाच कालवायचा हेही तुमचंच, दादांच्या हिशोबाने लिटरमागे दोन हातांत साधारण सव्वाशे चौरस फूट, त्या खोलीला तीन लिटर पुरले, उरलेला घट्ट झाकण लावून माळ्यावर ठेवलाय.

आता बाकीचं घर, तुम्ही बघितलं नाहीत म्हणून सांगते. हॉल, पॅसेज आणि किचन सगळीकडे एकच, दुधावरच्या सायीसारखा. किचनला तोच रंग पण धुता येईल असा. आमच्या बेडरूमला त्याच पट्टीतली दोन घरं खालची शेड, ह्यांचा निळा आता पडद्यात आणि चादरीत आहे आणि ते खूष आहेत. आईंच्या खोलीत हळदीच्या दुधासारखा, आणि त्या म्हणतात की सकाळी आता दिवा लावावा लागत नाही. सीलिंग सगळ्या घरात एकाच पांढऱ्याची. गेरूचा रंग तीनच ठिकाणी, देवघराचा कोनाडा, हॉलमधली पुस्तकांच्या मागची भिंत, आणि आईंच्या हट्टामुळे बाल्कनीच्या दाराशी कुंड्यांवर. सोफ्यावर तुमच्या जागी बसलं की दोन गेरू एकदम दिसतात आणि नजर आपोआप एकाकडून दुसऱ्याकडे जाते. सोफ्याचा मरून मला इतकी वर्षं नकोसा वाटायचा, तो आता मुद्दाम घेतल्यासारखा दिसतो, बदलायचं कॅन्सल केलं, तेवढे पैसे वाचले ते वेगळंच.

आणि हो, तुम्ही रंगाच्या आधी ओल बघायला लावलीत म्हणून पश्चिमेच्या भिंतीत पाइपाचं लीकेज सापडलं. ते दुरुस्त करून, भिंत पूर्ण वाळू देऊन मगच पुट्टी, प्रायमर. तीन आठवडे उशीर झाला तेव्हा मी कुरकुर केली होती, त्याबद्दल सॉरी.

बाई, तुम्ही एकदाही म्हणाला नाहीत की हा रंग लावा. गुडघे दुखत असताना लिफ्ट नसलेल्या बिल्डिंगमध्ये दिवसातून चार वेळा वर यायचात, शीट हलवून "आता काय दिसतंय?" एवढंच विचारायचात आणि गप्प उभ्या राहायचात. पैशाचं विचारलं तर रागावलात. आमच्या घरात पाच माणसं एका गोष्टीवर एकत्र हो म्हणाली असं माझ्या लग्नानंतर पहिल्यांदाच झालं, आणि मामंजी तर कधी कशावर मत देतच नाहीत, ते देवघरासमोर उभे राहून म्हणाले, छान झालंय.

शेडचे सगळे कोड मी चिठ्ठीवर लिहून मीटरबॉक्सच्या दाराला आतून चिकटवलेत, तुम्ही सांगितलेलं तसं. रंगवलेली शीटं लेकीने टाकू दिली नाहीत, मागच्या कोऱ्या बाजूवर ती इलिमेंटरीच्या चित्रकला परीक्षेची तयारी करतेय, स्थिरचित्राला तुमचाच पितळी तांब्या ठेवलाय, तो परत न्यायला तरी या. साडेपाचच्या सुमारास या, लेकीच्या खोलीत तेव्हा बघण्यासारखं असतं.

तुमची,
वरच्या मजल्यावरची